धडकांच्या आधीचा इलेक्ट्रॉन

बी.एस्सी.च्या घन-अवस्था भौतिकशास्त्रात एक जोड उघडी राहिलेली आहे. एका प्रकरणात क्रोनिग-पेनी मॉडेल येतं. स्फटिकातले अणू ठरावीक अंतरावर मांडलेले, त्यांच्यातून जाणारा इलेक्ट्रॉन लाटेसारखा, आणि त्यातून निघणारे ऊर्जापट्टे. मुलं आलेख काढतात, पट्ट्यांमधली दरी दाखवतात, प्रश्न पाच मार्कांना येतो. दुसऱ्या प्रकरणात विद्युतवहन येतं. तिथं इलेक्ट्रॉन म्हणजे पुन्हा साधा गोळा. तो धावतो, आपटतो, पुन्हा धावतो, आणि शेवटी ओहमचा नियम हाती लागतो. पहिल्या प्रकरणातल्या लाटेला दुसऱ्या प्रकरणातलं विद्युतक्षेत्र लावलं तर काय होईल, हा प्रश्न मात्र बहुतेक वर्गांत कुणी विचारत नाही. ‘प्रभावी वस्तुमान’ नावाचं एक सूत्र मध्ये टाकायचं आणि पुढं सरकायचं, अशी रीत आहे.

गेल्या अर्धशतकातल्या अर्धवाहक-विज्ञानाचा एक विलक्षण कोपरा याच उघड्या जोडात उभा राहिला. सुपरलॅटिस, म्हणजे दोन अर्धवाहकांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटून पालटून रचून केलेला कृत्रिम स्फटिक, आणि त्यावर लावलेलं अतिउच्च वारंवारतेचं विद्युतक्षेत्र. हा विषय मुंबई-बंगळूरूच्या मोठ्या संस्थांचा, आपल्याकडच्या महाविद्यालयांचा नव्हे, असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. यवतमाळचं अमोलकचंद, वणीचं लोकमान्य टिळक, पुसदचं फुलसिंग नाईक अशा महाविद्यालयांत जो विद्यार्थी क्रोनिग-पेनी सोडवतो, तो या विषयापासून एका पायरीवर उभा असतो. ती पायरी चढायला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती ओहमच्या नियमाकडे जरा संशयानं बघायची तयारी.

त्या संशयापासूनच सुरुवात करू. शेतातल्या मोटारपंपाला वीज पोहोचवणारी तांब्याची तार घ्या. खोलीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये साधारण 25 फेमटोसेकंद मोकळा असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. भागाकार करून पाहा: विजेची दिशा एकदा पुढं-मागं होईपर्यंत त्या इलेक्ट्रॉनला सुमारे 80 हजार कोटी धडका बसलेल्या असतात. दर धडकेला तो आधी कुठं निघाला होता हे विसरतो आणि नव्यानं सुरुवात करतो. क्षेत्र दुप्पट केलं की दोन धडकांमधल्या त्या चिमुकल्या मोकळ्या वेळात त्याला दुप्पट रेटा मिळतो, म्हणून प्रवाह दुप्पट. 1827 साली ओहमनं मांडलेली ही समप्रमाणता आपण शाळेत निसर्गनियम म्हणून पाठ करतो. खरं तर तिच्यात इलेक्ट्रॉनचा स्वभाव फारसा दिसतच नाही. दिसतो तो त्याचा विसराळूपणा, आणि तोही गर्दीनं लादलेला.

गर्दी बाजूला केली तर? फेलिक्स ब्लॉखनं 1928 साली स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचं गणित मांडलं आणि क्लॅरन्स झेनरनं 1934 साली त्यातून निघणारी विचित्र गोष्ट स्पष्ट केली. एकही धडक नसलेल्या आदर्श स्फटिकाला स्थिर विद्युतक्षेत्र लावलं तर इलेक्ट्रॉन सतत पुढं जाणार नाही. तो वेग घेईल, मंदावेल, थांबेल, उलटा फिरेल, मूळ जागी येईल आणि पुन्हा तेच. म्हणजे स्थिर दाबाखाली पुढं-मागं हेलकावे. धडका वीजवहनात अडथळा आणतात असं आपण शिकतो. इथं तर धडका नसल्या की वीज एका दिशेनं वाहतच नाही! वर्गात हे नुसतं सांगितलं तरी पुढच्या बाकावरचे हुशार विद्यार्थी अस्वस्थ होतात, आणि व्हायलाच हवेत.

हे समजायला घड्याळाचा एक काटा पुरतो. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनचा संवेग हा मोकळ्या कणाच्या संवेगासारखा वाढतच जाणारा आकडा नसतो. तो कोनासारखा असतो, एक फेरी पुरी झाली की पुन्हा तिथंच. काटा तीनच्या आकड्याकडे असला की इलेक्ट्रॉन पूर्ण वेगानं उजवीकडे, नऊकडे असला की पूर्ण वेगानं डावीकडे, बारा किंवा सहावर असला की जागच्या जागी. मधल्या प्रत्येक स्थितीत काट्याची आडवी सावली म्हणजे वेग. स्थिर क्षेत्र हा काटा एकसारखा फिरवत राहतं, म्हणून उजवा आणि डावा प्रवास एकमेकांना खाऊन टाकतात. धडक बसली की काटा पुन्हा सुरुवातीच्या जागी. तांब्याच्या तारेत तो जेमतेम थरथरतो तोच परत ढकलला जातो. सरळ रेषेचा ओहमचा नियम म्हणजे त्या थरथरीपुरतं सत्य.

मग फेरी पुरी का होत नाही? कारण काटा किती भरभर फिरेल हे दोन गोष्टींवर ठरतं: क्षेत्र किती आणि स्फटिकातला पुनरावृत्तीचा टप्पा किती. गॅलियम आर्सेनाइडच्या नैसर्गिक स्फटिकात हा टप्पा 0.565 नॅनोमीटर. सेंटिमीटरला 10 हजार व्होल्ट इतकं दणकट क्षेत्र लावलं तरी एका फेरीला सुमारे 7 पिकोसेकंद लागतील, आणि धडका तर साधारण 0.3 पिकोसेकंदाला एक. फेरी पुरी व्हायच्या आत वीसेक वेळा काटा मागं खेचला जाणार. निसर्गानं दिलेला स्फटिक या कामाला नालायक आहे.

लिओ एसाकी आणि राफाएल त्सू या आयबीएमच्या दोघांचं म्हणणं साधं होतं: मग टप्पाच मोठा करा. दोन पदार्थांचे पातळ थर एकाआड एक रचले की इलेक्ट्रॉनला एक नवा, दहा-वीसपट लांब टप्प्याचा स्फटिक दिसेल. टप्पा 10 नॅनोमीटर केला तर त्याच क्षेत्रात फेरी 0.4 पिकोसेकंदांत होते, आणि गणित सांगतं की परिणाम दिसायला अख्ख्या फेरीचीही गरज नाही. दोन धडकांमध्ये काटा साधारण 57 अंश, म्हणजे फेरीच्या सहाव्या हिश्शाएवढा फिरला, तरी क्षेत्र वाढवल्यावर सरासरी वेग कमी होऊ लागतो. ‘10 हजार व्होल्ट’ ऐकून घाबरायचं कारण नाही. असे शंभर टप्पे एकावर एक रचले तर एकूण जाडी एक मायक्रोमीटर होते, आणि एवढ्या जाडीवर हे क्षेत्र उभं करायला एक व्होल्ट पुरतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा दीड व्होल्टचा असतो.

ही कल्पना दोघांनी ज्या निबंधात मांडली, त्याची कथा एसाकीनं पुढं स्वतःच सांगितली आहे. ‘फिजिकल रिव्ह्यू’नं तो नाकारला. परीक्षकाच्या मते त्यात कल्पनाविलास जास्त आणि नवं भौतिकशास्त्र काहीच नव्हतं. मग 1970 साली तो आयबीएमच्या स्वतःच्या नियतकालिकात छापला गेला. असे थर अणूच्या अचूकतेनं रचण्याचं तंत्र तेव्हा जेमतेम रांगत होतं. म्हणजे वस्तू हाती नसताना, कागदावर, दोन माणसांनी एका नव्या प्रकारच्या द्रव्याचं वर्तन सांगून ठेवलं. तीन वर्षांनी एसाकीला नोबेल मिळालं ते आधीच्या वेगळ्या कामासाठी, पण सुपरलॅटिसचं दालन उघडलं ते त्या नाकारलेल्या निबंधानं.

आता वारंवारतेकडे येऊ, कारण विषयाचं खरं सौंदर्य तिथं आहे आणि त्यात एक नाव आपल्याला जवळचं आहे. आयआयटी मुंबईतून पदवी घेऊन स्टोनी ब्रूकला पीएच.डी. केलेले आणि पुढं न्यू मेक्सिको विद्यापीठात दीर्घकाळ प्राध्यापक राहिलेले वासुदेव केंक्रे. डेव्हिड डनलॅप या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1986 साली एक प्रश्न मांडला: जालकातल्या इलेक्ट्रॉनवर स्थिर क्षेत्राऐवजी पुढं-मागं होणारं क्षेत्र लावलं तर तो किती लांब पसरतो? उत्तर असं निघालं की क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता यांचं प्रमाण काही नेमक्या किमतींना आलं की इलेक्ट्रॉन पसरतच नाही. प्रत्येक आवर्तनाला तो जिथून निघाला तिथं परत येतो. भिंत नाही, खड्डा नाही, अशुद्धी नाही. हलवणारं क्षेत्रच त्याला जखडून ठेवतं. डायनॅमिक लोकलायझेशन या नावानं हा निष्कर्ष आज ओळखला जातो.

त्या नेमक्या किमतींपैकी पहिली 2.405. पाठ्यपुस्तकात हिची ओळख बेसेल फलनाचं पहिलं शून्य अशी असते, आणि ते नाव ऐकलं की विद्यार्थी वही मिटतो. पण काट्याच्या भाषेत 2.405 म्हणजे सुमारे 138 अंश, बस. आलटणारं क्षेत्र काट्याला गोल फिरवत नाही, तो दोन्ही बाजूंना झुलतो. समजा तो तीनच्या आकड्यावरून वर 138 अंश आणि खाली 138 अंश असा झुलतोय. मधून जाताना तो वेगात असतो आणि टोकांना रेंगाळतो. म्हणून उजव्या अर्ध्यात तो एकूण वेळेच्या साधारण 45 टक्केच राहतो, डाव्या अर्ध्यात 55 टक्के. डावीकडे इलेक्ट्रॉनचा वेग कधी पूर्ण होत नाही, जास्तीत जास्त 74 टक्क्यांपर्यंत जातो, पण तिथं वेळ जास्त मिळतो. हिशेब बरोबर फिटतो आणि सरासरी वेग शून्य.

विश्वास ठेवू नका, पडताळा. एका आवर्तनाचे बारा समान भाग करा. त्या क्षणांना काट्याचे कोन येतात 0, 68.9, 119.3 आणि 137.8 अंश, कधी वरच्या बाजूला, कधी खालच्या. त्यांच्या कोसाइन किमती 1, 0.360, उणे 0.490 आणि उणे 0.741. बारा क्षणांत पहिली आणि शेवटची किंमत दोन-दोनदा येते, मधल्या दोन्ही चार-चारदा, म्हणजे 1, 2, 2, 1 या प्रमाणात बेरीज करायची: 1 अधिक 0.720 वजा 0.980 वजा 0.741. उत्तर उणे 0.001, आणि हा एक हजारांशाचा फरकही दशांश तोडल्यामुळे आलेला. लॉग टेबलावर चार नोंदी आणि एक बेरीज. ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये छापलेल्या निष्कर्षाचं मर्म इतक्या थोड्या आकडेमोडीत हाताला लागतं, हे पदवीच्या मुलाला कुणीतरी दाखवायला हवं. मग पुढचे प्रश्न तो आपणहून विचारेल. झोका 138 अंशांपलीकडे नेला तर? बेरीज उणे होते, म्हणजे इलेक्ट्रॉन सरासरीनं उलट्या दिशेला जाऊ लागतो. 220 अंशांच्या आसपास हा उलटेपणा सर्वांत जास्त, सुमारे 40 टक्के. 316 अंशांना पुन्हा शून्य.

इथं सावधगिरीचा एक शब्द टाकला पाहिजे, नाहीतर मी मुलांना अर्धवट गोड चित्र दाखवतोय असं होईल. हा सगळा हिशेब धडका नसलेल्या, एकट्या इलेक्ट्रॉनचा आहे. प्रत्यक्ष सुपरलॅटिसमध्ये इलेक्ट्रॉन कोट्यवधी असतात आणि एकमेकांना ढकलतात. क्षेत्र वाढल्यावर वेग कमी व्हायला लागला की मागून येणारे पुढच्यांवर साचतात, नमुन्यात कमी-जास्त क्षेत्राचे पट्टे तयार होतात आणि सुबक गणित विस्कटतं. एसाकी-त्सूंचं मूळ स्वप्न होतं ते स्थिर व्होल्टेजवर टेराहर्ट्झ लहरी देणाऱ्या साधनाचं. ते या साचण्यामुळे वर्षानुवर्षं अडून राहिलं. बाजारात यशस्वी झाला तो त्याच घराण्यातला दुसरा वारस. काझारिनोव्ह आणि सुरिस यांनी 1971 साली सुचवलेल्या कल्पनेतून बेल लॅब्जमध्ये 1994 साली क्वांटम कॅस्केड लेसर तयार झाला. शिवाय याच विस्कटण्यातून पुढं एक वेगळाच उपयोग निघाला. सुपरलॅटिसमधल्या प्रवाहाचे बेशिस्त हेलकावे खोलीच्या तापमानालाही टिकतात असं दिसल्यावर त्यांच्यापासून अतिवेगानं यादृच्छिक आकडे तयार करण्याचे प्रयोग झाले. ज्याला काल दोष म्हणत होते तो आज माल ठरला.

केंक्रे-डनलॅप यांच्या निष्कर्षाचं काय झालं? कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथं मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर वापरून 1995 साली सुपरलॅटिसवर त्याच्या खुणा टिपल्या गेल्या. त्याच प्रयोगात एक चक्रावणारी गोष्टही दिसली. काही स्थितीत विद्युतप्रवाह लावलेल्या व्होल्टेजच्या उलट दिशेला वाहत होता. ऊर्जा फुकटात येत नव्हती, ती लेसरची. 1998 साली टेक्सासमध्ये प्रकाशाच्या जाळीत अडकवलेल्या थंड अणूंवर तोच परिणाम दिसला, 2007 साली इटलीतल्या पिसा इथं आणखी स्वच्छपणे. विशेष म्हणजे अणूंना विद्युतभारच नसतो. जाळीच हलवून क्षेत्राचं काम करवून घेतलं गेलं. कागदावरचं गणित आधी आणि त्याला साजेशी वस्तू नंतर, हा क्रम या विषयात पुनःपुन्हा दिसतो, आणि माझा मुख्य मुद्दा त्यावरच उभा आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून विषय नाही, हे समीकरण या शाखेत तरी इतिहासाला धरून नाही.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. जो यवतमाळ जिल्हा कापसाच्या भावावर आणि पावसावर जगतो, ज्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमुळे देशभर पोहोचलं, तिथल्या मुलांना थरांमधल्या इलेक्ट्रॉनचे हेलकावे शिकवणं ही चैन नाही का? याला एक सोयीचं उत्तर आहे. टेराहर्ट्झ लहरी पाण्यात भराभर शोषल्या जातात, त्यामुळे पानातलं पाणी मोजायला त्यांचा उपयोग होऊ शकतो आणि तसं संशोधन झालेलंही आहे. कापसाच्या पानाचं नाव घेऊन मी हा लेख सहज ‘उपयुक्त’ करून टाकला असता. पण तो युक्तिवाद मला अप्रामाणिक वाटतो. बोंडअळीनं हैराण झालेल्या माणसाला टेराहर्ट्झ आज काही देऊ शकत नाही, आणि तसं भासवणं ही फसवणूक ठरेल.

माझं उत्तर वेगळं आहे. विज्ञान शाखेची पदवी जिल्ह्यात दिली जातेच. मुलं तीन-तीन वर्षं घालवतात, आईबाप पैसे मोडतात, क्रोनिग-पेनी शिकवलं जातंच. प्रश्न चैनीचा तेव्हा असता जेव्हा आपण काही नवं, खर्चिक मागत असतो. मी मागतोय ते आहे त्याच अभ्यासक्रमाला एक पान जोडायला, ज्यात शिकवलेल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतील. गरीब जिल्ह्यातल्या मुलाला अर्धवट शिक्षण चालेल, पुरतं शिक्षण ही शहरातल्यांची चैन, असा या आक्षेपाचा खरा अर्थ निघतो. बोलणाऱ्याच्या मनात तो नसेल, पण निघतो तोच.

दुसरा एक मोह मराठी लेखकाला इथं फार होतो. जोर वाढवला की गती कमी होते, हलवणारं बळच जखडून ठेवतं, अशी वाक्यं हाती आली की लगेच राजकारण, संसार, अध्यात्म अशी त्यांची पालखी निघते. कृपा करून तसं करू नये. इलेक्ट्रॉन आपल्याला जगायचं कसं ते सांगत नाही. त्याचं वागणं एका विशिष्ट समीकरणातून निघतं आणि ते समीकरण माणसांना लागू नाही. विज्ञानाला सुभाषितांचा पुरवठादार समजण्यानं आपलं जितकं नुकसान झालंय तितकं प्रयोगशाळा नसण्यानंही झालं नसेल, असं माझं मत आहे.

आता व्यवहाराचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे आणि तिच्या शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्पाची वाट आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांनाही त्यासाठी विषय लागतील, आणि भौतिकशास्त्रात ते बहुधा पातळ फिल्म, फेराइट, वायू-संवेदक यांभोवती फिरतील. वाईट काहीच नाही त्यात, पण या कामांना मोजमापासाठी बाहेरच्या यंत्रांकडे नमुने पाठवून निकालाची वाट पाहावी लागते. विद्यार्थ्याचं निम्मं वर्ष तिथंच जातं. सुपरलॅटिसचं तसं नाही. काट्याच्या हिशेबात धडका घालायच्या, म्हणजे ठरावीक शक्यतेनं काटा मूळ जागी आणायचा, एवढं संगणकाला सांगितलं की एसाकी-त्सूंची वक्ररेषा पडद्यावर उमटते. मग स्थिर आणि आलटणारं अशी दोन्ही क्षेत्रं एकदम लावायची. मग टप्पे असमान करून पाहायचे. कुठल्या टप्प्याला सरासरी वेगाचं चिन्ह उलटतं, धडका किती वाढल्या की जखडणं सुटतं, वारंवारता कमी करत नेली की ओहमची सरळ रेषा कुठून परत दिसू लागते, हे सगळं महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर, स्प्रेडशीटमध्येसुद्धा करता येतं. प्रत्यक्ष थर रचायचं काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा आयआयटीत होईल. तिथली यंत्रं कोट्यवधींची आहेत आणि तशी ती दर जिल्ह्यात असण्याची गरजही नाही.

खरी अडचण यंत्राची नाहीच, मार्गदर्शकाची आहे. ज्या शिक्षकानं स्वतः ओहमच्या नियमापलीकडे कधी पाहिलं नाही, तो हा प्रकल्प देणार नाही, आणि परीक्षेत न येणारा प्रश्न वर्गात काढायला आपल्याकडे फार थोडे धजावतात. तिथं परिपत्रकानं काही होणार नाही. एखाद्या महाविद्यालयातल्या एका शिक्षकानं अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत हा बारा भागांचा हिशेब घालून पाहावा, 138 ऐवजी 220 अंश देऊन, आणि उत्तराला उणे चिन्ह आल्यावर कोण विद्यार्थी ते खोडून अधिक करतो आणि कोण ‘असं का’ म्हणून विचारायला येतो, ते बघावं.